मनगटाचा फोटो

निखळली होती माझ्या उजव्या गुडघ्याची वाटी, आणि डॉक्टर मॅडमनी फोटो काढायला सांगितला डाव्या मनगटाचा. मला खो-खो शिकवणाऱ्या मदने सरांना हे मुळीच पटलं नाही. तात्यांच्या कानाशी लागून ते म्हणाले की मोठ्या दवाखान्यांचं असंच असतं, दुखणं एकीकडे आणि तपासणी भलतीकडे. तात्या म्हणजे माझे वडील. ते नुसती मान डोलावत होते. मिरजेच्या त्या दवाखान्यात शिरल्यापासून त्यांनी दिसेल त्याला मान डोलावली होती, केर काढणाऱ्या मावशींनासुद्धा.

मी मात्र मजेत होते. टेबलावर हात पालथा ठेवला, बोटं पसरली आणि फोटो काढणाऱ्या माणसाला विचारलं, हात धुऊन येऊ का? तो हसला. म्हणाला, आपल्याला आतलं बघायचंय, वरचं कसंही चालेल.

या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली. तेव्हा मी साडेचौदा वर्षांची होते. कागदावर सव्वाबारा.

आमच्या खो-खोच्या संघात प्रत्येकीला दोन वयं होती, एक घरचं आणि एक मैदानावरचं. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. माण तालुक्यातल्या आमच्या गावाला पाणी नव्हतं, कारखाना नव्हता, पण चौदा वर्षांखालच्या मुलींचा संघ होता आणि सगळा जिल्हा त्याला टरकून असायचा. तो संघ मदने सरांनी उभा केला होता. ते उन्हातान्हात शिट्टी घेऊन उभे राहायचे, पोरींच्या आईबापांच्या हातापाया पडायचे, कुणाची सोयरीक ठरत असली तर जाऊन मोडून यायचे. आणि कुणाचं वय आडवं आलं तर तेही दुरुस्त करून आणायचे. चौथीत मी दोन वर्षं बसले, एकदाही नापास न होता. हातात नवा दाखला आला तेव्हा मी सव्वीस महिन्यांनी लहान झाले होते.

स्पर्धेच्या ठिकाणी कधीकधी वय तपासायला एखाद्या डॉक्टरबाई यायच्या. दात बघायच्या, उंची मोजायच्या आणि हळूच विचारायच्या, पाळी सुरू झाली का? याचं उत्तर सरांना शिकवता येण्यासारखं नव्हतं, म्हणून ते काम त्यांच्या बायकोनं, मदनेबाईंनी, अंगावर घेतलं. पाढे म्हणून घ्यावेत तसं त्या आमच्याकडून म्हणून घ्यायच्या. काय सांगायचं? "अजून नाही." सगळ्या जणी एका सुरात. उत्तर देताना खाली बघायचं, पण उत्तर लगेच द्यायचं. थांबून दिलं तर संशय येतो, असं बाई सांगायच्या.

आता गुडघ्याचं. मी सरळ उभी राहिले की माझे गुडघे एकमेकांना चिकटायचे आणि घोट्यांमध्ये वीतभर अंतर राहायचं. पळताना गुडघ्याला गुडघा घासायचा. पोरी मला कात्री म्हणायच्या. मला त्याचा राग नव्हता, कारण ही कात्री एकदा सुटली की कुठल्या अंगाला वळेल ते पाठलाग करणारीला कधी कळलं नाही. उजवा पाय जास्त वाकडा होता. वर्षभरात त्याची वाटी चार वेळा बाहेरच्या बाजूला सरकली. पहिल्यांदा मी किंचाळले, दुसऱ्यांदा रडले, तिसऱ्यांदा मैदानातच बसून पाय लांब केला आणि हातानं ढकलून वाटी जागेवर बसवली. चौथ्यांदा गुडघा सुजून टम्म झाला, मांडी घालता येईना, आणि सर आम्हाला एसटीत घालून मिरजेला घेऊन आले.

त्यांना घाई होती आणि मलाही. तेव्हा जून चालू होता. डिसेंबरात पुण्याच्या एका क्रीडा वसतिगृहाची निवड होती आणि तिथली माझी जागा जवळजवळ ठरलेली होती. जेवण तिथं, शाळा तिथं, बूट तिथले. गावातून बाहेर पडायला मला दुसरा रस्ता माहीत नव्हता, आणि मला बाहेर पडायचंच होतं.

आईला आम्ही घरीच ठेवलं होतं. आईला खोटं बोलता येत नव्हतं असं नाही. तिला ते लक्षात राहायचं नाही.

डॉक्टर पटवेगार मॅडम पन्नाशीच्या, ठेंगण्या आणि भराभर बोलणाऱ्या. गळ्यात मोजायची टेप अडकवलेली, शिंप्यासारखी. त्यांनी मला उभं केलं, चालवलं, उकिडवं बसवलं, घोट्यांमधलं अंतर मोजलं. मग वाटीवर अंगठा ठेवून तिला हळूच बाहेरच्या बाजूला ढकललं, तशी मी त्यांचं मनगटच धरलं. "कळलं," म्हणाल्या, आणि हात काढला.

मग त्यांनी मनगटाचा फोटो उजेडाच्या पेटीवर लावला आणि सरांना वय विचारलं. सरांनी फाईल उघडून दाखल्याची झेरॉक्स पुढे सरकवली. मॅडम एकदा कागदाकडे बघत, एकदा फोटोकडे.

"हे मनगट मोठ्या मुलीचं दिसतंय," त्या म्हणाल्या.

सर लगेच म्हणाले की मुलगी खेळाडू आहे, लहानपणापासून मेहनतीची, हाडापेरानं दणकट. मॅडमनी त्यांचं ऐकून घेतलं आणि मग पेन्सिल टेकवून आम्हाला समजावून सांगितलं. हाडाच्या टोकाजवळ वाढीचा एक थर असतो, फोटोत तो फटीसारखा दिसतो. वाढ संपत आली की फट बुजते. माझ्या फटी बऱ्याच बुजल्या होत्या. पण एवढ्यावरून नक्की काही म्हणता येत नाही, काही मुली लवकर वाढतात, वर्ष-दोन वर्षांचा फरक पडू शकतो.

"आणि मला नक्की काय तेच कळायला हवंय," त्या म्हणाल्या. "कारण ऑपरेशन दोन प्रकारचं आहे. हिची वाढ अजून दोन वर्षं असेल, तर मांडीच्या हाडाच्या आतल्या बाजूला एक छोटी पट्टी बसवायची. तेवढी बाजू थांबते, दुसरी वाढत राहते, पाय आपला आपण सरळ होतो. वाटी धरून ठेवायला एक दोर बांधायचा. मुलगी दुसऱ्या दिवशी चालते, पाच-सहा महिन्यांत मैदानात. पण वाढ संपली असेल, तर हाड कापून सरळ करावं लागेल. तीन महिने कुबड्या, वर्षभर खेळ बंद."

सरांनी बोटांवर महिने मोजलेले मी पाहिले. मी मनातल्या मनात मोजले होते. पाच-सहा महिने म्हणजे डिसेंबर.

मॅडमनी सरांना आणि तात्यांना बाहेर बसायला सांगितलं. दार लागल्यावर त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि विचारलं, "पाळी सुरू झाली का गं?"

"अजून नाही," मी म्हणाले. खाली बघून, लगेच.

मला आजही प्रामाणिकपणे सांगता येईल की त्या क्षणी मी काही ठरवलं नव्हतं. चेंडू अंगावर आला की हात वर जातो, तसं ते उत्तर तोंडातून गेलं. मॅडमनी सुस्कारा सोडला, कागदावर काहीतरी लिहिलं आणि दार उघडून बाहेरच्यांना सांगितलं की छोटी पट्टी बसवू, उद्या सकाळी घेऊ. सरांनी मला बाहेर आल्यावर पाठीत एक थाप मारली. तात्यांनी कागदावर सावकाश एकेक अक्षर काढून सही केली.

मला वॉर्डात खिडकीजवळची खाट मिळाली. सर रसवंती शोधायला गेले, तात्या घोंगडी अंथरून खाली बसले आणि बसल्या बसल्या पेंगायला लागले. दुपारी तीनच्या सुमाराला माझ्या पोटात ओळखीची कळ आली. आधी मी ती मनावर घेतली नाही. मग बाथरूममध्ये जाऊन पाहिलं आणि तिथंच भिंतीला टेकून उभी राहिले. चार दिवस आधीच आली होती. सोबत कापड नव्हतं, आई नव्हती, आणि तात्यांना सांगायचं म्हणजे त्यापेक्षा दुसरा गुडघा निखळलेला परवडला.

वॉर्डात सुवार्ता सिस्टर होत्या. मिरजेच्याच, उंच, मोठ्या आवाजाच्या. मी त्यांना खुणेनं बोलावलं आणि कानात सांगितलं. त्यांनी हातातला केसपेपर पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा तो मोठा आवाज एकदम मऊ झाला.

"पहिल्यांदाच का, बाळा?"

केसपेपरवर तसंच लिहिलेलं होतं. मी मान हलवली. झालं, एका खोट्याला दुसरं जोडलं गेलं, आणि तेही किती सोपं.

सिस्टरनी मला आत नेलं. पॅड कसं लावायचं, कधी बदलायचं, घाबरायचं नाही, हे सगळं त्यांनी इतक्या मायेनं सांगितलं की मी पावणेदोन वर्षांच्या अनुभवानंतर पहिल्यांदाच नीट ऐकलं. खरं तर त्यातलं निम्मं मला माहीतही नव्हतं, आमच्याकडे हे कुणी समजावून सांगत नाही. मग त्या म्हणाल्या, तुझी आई इथं नाही म्हणून तोंड मी गोड करते, आणि स्वतःच्या डब्यातला शिरा माझ्या हातावर ठेवला. मी तो सगळा खाल्ला. शिरा चांगला होता. पण अशी लाज मला आधी कधी वाटली नव्हती.

सिस्टरनी मॅडमना कळवायचं ते कळवलंच. पाचच्या सुमाराला मॅडम आल्या. तात्या चहाला गेले होते. त्या खाटेच्या कडेला बसल्या आणि मुठीतून एक चकचकीत वस्तू काढून माझ्या तळहातावर ठेवली. बोटाच्या पेराएवढी पट्टी, दोन भोकं.

"ही उद्या तुझ्या पायात जाणार. म्हटलं, आधी तुला दाखवावी. सिस्टर म्हणाल्या, आज सुरू झाली. बरं झालं, माझा हिशोब आणखी पक्का झाला. पहिल्या पाळीनंतर मुलगी साधारण दोन वर्षं वाढते. तेवढी मला पुरे."

मी पट्टी उलटीपालटी करून पाहिली. एवढीशी गोष्ट माझा पाय सरळ करणार होती.

"आणि वाढ नसलीच तर?" मी विचारलं. "समजा, असं एखादीचं झालं तर?"

"तर ही नुसती बसून राहील. पाय वाकडाच. वाकड्या पायावर वाटी बांधली तर दोर ताणून ताणून सैल पडणार, वाटी परत सरकणार. दर वेळी आतली गादी थोडी थोडी खरवडली जाते, ती काही परत भरत नाही. पंचविशीत जिना चढताना कठडा धरावा लागेल." त्या उठल्या आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "पण तुझं तसं नाही. सकाळी मी मनगट बघून अडले होते. तुझ्याएवढ्या मुली लाजतात, काहीबाही सांगतात. तू सरळ खरं सांगितलंस म्हणून मला मार्ग सापडला."

चौदाव्या वर्षी पंचविशी म्हणजे दुसऱ्या कुणाचं तरी वय असतं. कठड्याची भीती मला वाटली नाही. डिसेंबर मला दिसत होता, कठडा दिसत नव्हता. पण ते शेवटचं वाक्य माझ्या वर्मी लागलं. खोट्याबद्दल शाबासकी मला नवी नव्हती, सर ती नेहमी द्यायचे. खरं बोलल्याबद्दलची ही पहिलीच, आणि तिच्यावर माझा हक्क नव्हता.

"मॅडम," मी म्हणाले, "ही पहिली नाही."

"काय पहिली नाही?"

"पाळी. पावणेदोन वर्षं झाली. मी साडेचौदा वर्षांची आहे."

त्या पुन्हा बसल्या. मग माझ्या हातातली पट्टी घेऊन ॲप्रनच्या खिशात टाकली.

"मग सकाळी तसं का सांगितलंस?"

"पाठ आहे ते," मी म्हणाले. "विचारलं की येतंच."

त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं, आता मुस्काटात बसणार. पण त्यांचा राग निघाला तो स्वतःवर. "तुझं मनगट खरं सांगत होतं," त्या म्हणाल्या. "मी त्याचं ऐकायचं सोडून तुझं ऐकलं." एवढं बोलून त्या तरातरा बाहेर गेल्या, सिस्टरना सांगितलं की उद्याचं ऑपरेशन रद्द, आणि मुलीच्या माणसांना माझ्या खोलीत पाठवा.

मला कुणी बोलावलं नव्हतं, पण मी लंगडत मागे गेले. सर आधीच बोलत होते. पोरगी घाबरलीय, ऑपरेशनच्या भीतीनं काहीही बरळतेय, कागद सरकारी आहे, शिक्क्याचा आहे. ते हे सगळं अगदी शांतपणे सांगत होते. सरांचा आवाज मैदानावरही कधी चढत नसे, आणि म्हणून पोरी त्यांचं ऐकायच्या. मॅडमनी त्यांना हातानं थांबवलं आणि तात्यांकडे वळल्या.

"वडील तुम्ही आहात. तुम्ही सांगा, मुलगी कधी जन्मली?"

तात्यांनी सरांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या गुडघ्याकडे. सकाळपासून हलणारी त्यांची मान पहिल्यांदाच थांबली होती.

"किंक्रांतीची हाय," ते म्हणाले. "संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी झाली. म्हातारी म्हणली, वंगाळ दिवस हाय, येक दिस आधीचा सांगा. म्या म्हणलं, कशापायी? ज्या दिवशी झाली त्या दिवशी झाली." मग त्यांनी सालही सांगितलं. "आता ह्या गुरुजींच्या शब्दाखातर दाखला बदलला. पोरीचं भलं हुईल म्हणलं. पर मॅडम, पाय बदलून देता येत न्हाई कुनाला."

सर खाली बसले. त्यांनी मला मारलं असतं तरी चाललं असतं, पण ते माझ्याशी नेहमीसारखंच बोलले. "मोने, वसतिगृह गेलं तुझं."

"होय सर."

"आणि बाकीच्या आठ जणी? एकीचं निघालं की सगळ्यांचं निघतं."

मॅडम म्हणाल्या की केसपेपरवर मी खरं वय लिहीन, तो कागद हिचा आहे, दवाखाना तो कुणाला पाठवत नाही. पुढे काय करायचं ते हिचं ही बघेल. सरांनी फाईल काखेत मारली आणि संध्याकाळच्या गाडीनं ते गावाकडे निघून गेले. जाताना तात्यांना म्हणाले, रस आणलाय, पोरीला द्या.

तीन दिवसांनी माझं मांडीचं हाड गुडघ्याच्या वर कापलं, सरळ केलं आणि मोठी पट्टी सात स्क्रूंनी आवळून बसवली. मांडीतलीच एक शीर काढून तिनं वाटी बांधली. तोपर्यंत आई आली होती. शुद्धीवर आले तेव्हा मी दुखण्यानं आईला नको नको ते बोलले, ते इथं लिहिण्यासारखं नाही. डावा पाय जेमतेम वाकडा होता, त्याला हात लावला नाही. दहाव्या दिवशी कुबड्यांवर उभी राहिले आणि खाली पाहिलं, तर दोन गुडघ्यांमध्ये मोकळी जागा. मला ते इतकं विचित्र वाटलं की मी हात घालून पाहिला. सुवार्ता सिस्टर हसून हसून बेजार झाल्या.

डिसेंबर आला आणि गेला. वसतिगृहात दुसरी मुलगी गेली, मी कुबड्या सोडून चालायला शिकत होते. रडले की, का नाही रडणार? पण ही गोष्ट ऐकून सरांबद्दल लोकांना वाटतं तसे ते नव्हते, हेही सांगायला हवं. गावी आल्यावर पंधरा दिवसांनी ते आमच्या ओट्यावर येऊन बसले आणि माझा पाय किती वर जातो ते बघायला लागले. मग रोज येऊ लागले. मांडीचा व्यायाम ते मोजून करून घ्यायचे, एकही चुकवू द्यायचे नाहीत. मिरजेचं नाव त्यांनी एकदाही काढलं नाही, मीही नाही.

तेरा महिन्यांनी मॅडमनी मैदानात उतरायला परवानगी दिली. त्या आठवड्यात सर अर्ज घेऊन आले. चौदा वर्षांखालच्या संघाचा. सगळं भरलेलं होतं, नाव, शाळा, उंची. जन्मतारखेची जागा तेवढी त्यांनी मोकळी ठेवली होती. का ठेवली ते मला आजही नक्की ठाऊक नाही.

"कागदावर तू अजून बसतेस," ते म्हणाले. "पाय सरळ झालाय. पहिल्यापेक्षा जोरात पळतेस. औंदा तुला कोण धरत नाही."

हे खरं होतं. बारा-तेरा वर्षांच्या पोरींत साडेपंधराची मी, सरळ पायाची. नुसती चालत गेले असते तरी सुवर्ण आणलं असतं. मी त्यांच्या खिशाचं पेन काढून घेतलं आणि मोकळ्या जागेत माझी खरी तारीख लिहिली, सालासकट.

सरांनी अर्ज उलटा करून वाचला. "आधीच्या दोन वर्षांची, जुन्या तारखेची प्रमाणपत्रं विचारतील."

"विचारू देत. माझी मी परत करते. दुसऱ्या कुणाचं मी काही बोलणार नाही, ज्याचं त्यानं बघावं."

त्यांनी चौदा हा आकडा खोडला, वर अठरा लिहिलं आणि फाईल बंद केली.

"तिथं पोरी मोठ्या असतात, मोने."

"मीपण मोठीच आहे, सर."